तळहाताची सावली

निळी चिमणी फिरता फिरता थांबली, भिंतीकडे तोंड करून, आणि मग दोऱ्याचा पीळ उलगडत पुन्हा पाळण्याकडे वळली – लाल, हिरवी, पिवळी, जांभळी या चौघी केव्हाच्या गप्प झाल्या होत्या, ही एकटीच अजून इकडे बघू का तिकडे बघू करत होती – आणि पाळण्यात केतकी तिच्याकडे पाहत होती. पाहत होती ना? उजवा डोळा निळीच्या मागे भिंतीपर्यंत गेला, थांबला, परत आला. डावा... रत्नमाला ओले हात पदराला पुसत पाळण्यावर वाकली. डावा डोळा नाकाकडे सरकून तिथेच बसला होता, लग्नघरात रुसलेलं माणूस कोपरा धरून बसतं तसा. मग पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि दोन्ही डोळे सरळ. अगदी सरळ. आईला ओळखून नऊ महिन्यांच्या पोरीनं बोळकं पसरलं, आणि रत्नमालेला वाटलं, आपण आत्ता जे पाहिलं ते पाहिलंच नाही.

हे चिमणाळं आत्याबाईंनी स्वतः शिवलेलं. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, द्वारकाबाई. नातीच्या बारशाला कन्नड गावाहून आल्या आणि लेकराच्या लोभानं राहिल्या. जुन्या खणांच्या चिंध्या, आत सरकीचा कापूस, डोळ्यांच्या जागी काळी टिकली. आधी ते पाळण्याच्या उजव्या कोपऱ्याला टांगलेलं होतं. तीन महिन्यांपूर्वी रत्नमालेनं फार जपून, भाजी निवडता निवडता, डोळ्याचा विषय काढला, तेव्हा आत्याबाईंनी एकदा लेकराकडे आणि एकदा चिमणाळ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला.

"आगं, मग आपलीच चूक हाय की ही. सारखं उजवीकडं बघून बघून डावा डोळा तिकडं ओढला लेकराचा. आता डावीकडं बांधू, येतो सरळ. माझ्या धाकट्याचं बी असंच झालतं."

आणि चिमणाळं डाव्या कोपऱ्यात गेलं. दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं. तेव्हापासून या घरातली तीन मोठी माणसं पाच कापडी चिमण्यांच्या भरवशावर बसली होती... धाकट्याचं असंच झालं होतं म्हणे. धाकटे भावजी लग्नाच्या फोटोत मान तिरकी करून उभे आहेत. बारशाच्या फोटोतही. प्रत्येक फोटोत. ऐट असेल त्यांची, असं तिला वाटायचं.

दिवाळी अकरा दिवसांवर आली होती.

आणि आज पाच वाजता क्रांती चौकाजवळच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिला बोलायचं होतं, कवितेवर. नवरा, रामकिसन, पाटबंधारे खात्याच्या कामाला सकाळीच पैठणला गेला होता, जाताना म्हणाला होता, "छान बोल. आणि तिथं बसून लेकराची काळजी करू नको." हे दुसरं त्यानं म्हटलं नसतं तर पहिलं तिला आवडलं असतं.

टेबलावर पुस्तक पडलं होतं, 'नंबर बदलताना', खळीचा वास अजून न गेलेलं. जहांआराचं पहिलं पुस्तक. कॉलेजात दोघी एका बाकावर, बी. ए.ला मराठीत जहांआरा पहिली आली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, कमाल आहे, आणि ती म्हणाली होती, "कमाल माझ्या मामूचं नाव आहे, मी जहांआरा." लग्न होऊन रत्नमाला छावणीत या गल्लीत भाड्यानं राहायला आली तर समोरच्याच घरात जहांआराची खिडकी, मध्ये फक्त एक गल्ली, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी. जहांआराचे वडील इलियासचाचा, त्यांचं छावणीच्या बाजारात चष्म्याचं दुकान. म्हणून कवितेत सगळं ते – भिंगं, काड्या, अक्षरांची पाटी, दुकानात येऊन जग स्पष्ट झालं म्हणून बावचळणारी माणसं. पहिलीच कविता तर रत्नमालेला पाठ झाली होती:

चष्मा लागला त्या दिवशी कळलं
झाडाला पानं एकेक असतात.
तोवर मी
झाडावर एकगठ्ठा प्रेम केलं होतं.

बोलण्यासाठी तिनं दोन पानं टिपण काढलं होतं. 'नजर डोळ्यांत नसते, ती माणसात असते.' काल रात्री हे वाक्य तिला बरं वाटलं होतं. आता वरणाला फोडणी देऊन ती पुन्हा टेबलापाशी आली आणि ते वाक्य वाचलं. कुठे असते म्हणालीस? डोळ्यांत नसते? तिनं पेन घेऊन वाक्य खोडलं. मग उरलेल्या कविता तरी वाचून टाकाव्यात – शेवटच्या दहाबारा राहिल्या होत्या – म्हणून पुस्तक उघडलं आणि एकतिसाव्या पानावर आली.

समोरच्या गॅलरीत
भर दुपारी एक आई
मुलीचा एक डोळा झाकते,
अर्धं जग काढून घेते.
मग दुसरा.
मुलगी एकदा हसते, एकदा रडते.
मी इकडून
दोन्ही वेळा टाळ्या वाजवते.

तिनं पुन्हा वाचलं. मग उठून गॅलरीचं दार लावून घेतलं, सकाळचे साडेअकरा वाजलेले असताना.

पहिल्यांदा आला तो राग. काय पण खेळ दिसला तुला, जहांआरा... टाळ्या वाजवत होतीस? तुला काय माहीत त्या गॅलरीत रोज अडीच वाजता, आत्याबाईंचा डोळा लागला की, मी काय करत होते – बुवा कुक करत होते, होय, हसऱ्या तोंडानं, लेकरू घाबरू नये म्हणून. डावा डोळा झाकला तर केतकी माझ्याकडे बघून हसायची. उजवा झाकला की रडायची, डोकं मागे घ्यायची, दोन्ही मुठींनी माझा हात ढकलायची. रोज. मी म्हणायची भूक लागली असेल, पाजून आणायची, पुन्हा झाकायची. म्हणायची ऊन असेल, सावलीत घ्यायची, पुन्हा झाकायची. आज नाही, आज तिचं पोट बिघडलंय. आज नाही, आज शनिवार आहे. शनिवारचा आणि डोळ्याचा काय संबंध? पण मी तेही म्हणून पाहिलं.

कुणाला सांगणार होते? रत्नमालेची पत केव्हाच गेली होती. लेकरू दोन महिन्यांचं असताना ऐकू येत नाही या संशयानं तिनं पाळण्यामागे ताटली आपटली होती, त्यानं केतकी दचकली आणि शेजारचेही आले. मग टाळू फार उडते म्हणून डॉक्टर. मग झोपेत श्वास मध्येच थांबतो म्हणून डॉक्टर. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "या ताई, आज कोणता अवयव?" आणि रामकिसन त्यांच्याबरोबर हसला. घरी आल्यावर मात्र जिना चढताना म्हणाला, "लेकरू आहे ते, रत्ना. परीक्षेचा पेपर नाही तपासायला." आणि त्याचं काही खोटं नव्हतं. तीनही वेळा लेकरू ठणठणीत निघालं होतं, खोट निघाली ती बघणाऱ्या बाईत. मग चौथ्या वेळी, त्या बाईला जे दिसतं ते लेकरात आहे की तिच्याच बुबुळात, हे तिनं कशावरून ठरवावं? आरशात बघून?

पण हे पान... तिनं कवितेवर बोट ठेवलं, सहाव्या ओळीवर. 'मुलगी एकदा हसते, एकदा रडते.' जहांआराला भीती नव्हती. ती मुलीची आई नव्हती. तिनं डॉक्टरची पायरी झिजवली नव्हती. गल्लीपलीकडून, खिडकीत पाय वर घेऊन बसून, तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं, आणि तिला तेच दिसलं जे मला दिसतं. म्हणजे ही माझी खोड नव्हे. तीनशे प्रती छापल्या आहेत... तीनशे ठिकाणी लिहिलेलं आहे की माझी मुलगी एक डोळा झाकल्यावर रडते, आणि संध्याकाळी मला हे लोकांसमोर उभं राहून वाचायचं आहे, कारण जहांआरा काल पुस्तक देताना म्हणाली होती, "एकतिसाव्या पानावरची नक्की वाच हं. सांगत नाही का ते. सरप्राइज आहे."

पाळण्यात केतकी स्वतःच्या अंगठ्याशी बोलत होती.

आणि मग, भात खाली उतरवताना, तिला इलियासचाचांचा हात आठवला.

केतकीच्या जन्माआधीची गोष्ट. ती सातव्या महिन्यात, जहांआराबरोबर सहज दुकानात बसली होती. हर्सूलकडचं एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर दीड वर्षाची पोरगी, तिला चष्मा करून द्या म्हणून. चाचांनी पोरीला काउंटरवर बसवलं. स्वतःचा चष्मा काढून तिच्यासमोर हळूहळू झुलवला. पोरगी बघायला लागली तसा त्यांनी दुसरा हात वर नेला आणि तळहात तिच्या एका डोळ्यासमोर धरला, चार बोटं अंतर ठेवून, अजिबात न टेकवता. मग दुसऱ्या डोळ्यासमोर. बापानं विचारलं, हात का लावत नाही, पोरगी चावत नाही. चाचा हसले.

"हात लगाये तो बच्चा रोताच मियाँ. फिर वो हात को रोया क्या अंधेरे को रोया, कैसा समझना? बस छाँव डालना."

मग त्यांनी त्या बापाला दुकानाबाहेर नेलं आणि खांद्यावर हात ठेवून, आत ऐकू येणार नाही अशा आवाजात काही सांगितलं. रत्नमालेला शेवटचं तेवढं ऐकू आलं – मैं चष्मेवाला, डॉक्टर नै. घाटी दवाखाने में दिखाव, आज के आज. आणि परत येऊन त्यांनी पोरीच्या हातात एक रिकामी फ्रेम खेळायला दिली.

हात को रोया क्या अंधेरे को. रत्नमाला भाताचं भांडं हातात धरून उभी राहिली. मी तर हात टेकवत होते. रोज. कांद्यालसणाचा हात, धुणं धुऊन गार पडलेला हात. पण मग डावा झाकल्यावर का रडत नव्हती? डावा मी डाव्या हातानं... डाव्या हाताला वास नसेल. असेल तसं. असू शकतं. एवढ्याशा आशेनं तिला उमाळा आला, आणि त्याबरोबर हेही कळलं की गेले तीन महिने ती समोरच्या घरी एकदाही का गेली नाही. आधी रोज जायची. चाचा लेकराला घेऊन दुकानातल्या सगळ्या आरशांपुढून फिरवायचे. मग डोळ्याचं लक्षात आलं, आणि सर्दी झालीय, झोपलीय, पाहुणे आलेत... चाचा एका मिनिटात सांगतील, म्हणून. या गल्लीत जो एक माणूस सांगू शकेल त्याच्यापासून तिनं लेकरू लपवलं होतं, आणि घरभर सगळ्यांना म्हणत होती, कुणी बघत कसं नाही.

अडीच वाजता आत्याबाई लवंडल्या. रत्नमालेनं हात साबणानं दोनदा धुतले, कोमट पाण्यानं. केतकीला मांडीवर घेतलं, गॅलरीत नाही, आत. किल्ल्यांचा जुडगा तिच्यासमोर झुलवला. केतकी बघू लागली. आता तळहात. टेकवायचा नाही. चार बोटं. तळहात वर गेला, उजव्या डोळ्यासमोर आला, लेकराच्या गालावर सावली पडायला लागली आणि त्याच क्षणी रत्नमालेनं आपलेच डोळे घट्ट मिटून घेतले. किल्ल्या हातातून पडल्या. केतकी रडली – अर्थातच रडली, किल्ल्या पायावर पडल्या होत्या. आता कशाला रडली म्हणायचं?

पुन्हा तिनं करून पाहिलं नाही.

"काय पाडलंस गं?" आतून आत्याबाई.

"किल्ल्या."

"कपाटाच्या का लेकराच्या?"

साडेतीनला निघायची तयारी. ठरलेलं असं होतं की केतकी घरी आत्याबाईंजवळ राहील. पण आत्याबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. "मी बी येते. तुझी मैत्रीण पुस्तकात काय सांगती बघू तरी. म्हातारीला कळू नये असं काय लिहिलंय?" त्यांनी केतकीला मांडीवर आडवं घेतलं, एरंडेलावर धरलेल्या काजळाची डबी उघडली. करंगळी उजव्या डोळ्यात एकदा फिरली. मग डाव्या. मग पुन्हा डाव्यात, बाहेरच्या कडेला, जाड, थोडं कानाकडे ओढून. मग तिसऱ्यांदा. रत्नमाला केसांत पिन खोचत होती, पिन तशीच राहिली.

"आत्याबाई, त्या डोळ्यात जास्त झालं."

"असू दे." आत्याबाईंनी मान वर केली नाही. "कडंला जरा दाट घातलं की डोळा मधी दिसतो. सभेत चार लोकं बघत्याल."

खोलीत निळी चिमणी हलत नव्हती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कधीपासून घालताय असं?" रत्नमालेनं विचारलं, आणि आपला आवाज इतका मऊ कसा याचं तिलाच नवल वाटलं.

"पोळ्यापासून," आत्याबाई म्हणाल्या. मग डबी बंद करून, झाकण अंगठ्यानं दाबत, "धाकट्याला बी घालायचे. शाळेत जाईस्तोवर."

म्हणजे पोळ्यापासून. म्हणजे आपण गॅलरीत तळहातानं डोळा झाकत होतो तेव्हा या आत करंगळीनं... एकाच घरात दोन बाया, एकच डोळा, आणि एकमेकींपासून लपवत. तिला आत्याबाईंचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिनं वाकून त्यांच्या करंगळीचं काजळ आपल्या नव्या साडीच्या पदरानं पुसलं. त्या नको नको म्हणत राहिल्या.

शहर बसमध्ये केतकी खिडकीला तोंड लावून होती आणि रत्नमाला टिपणाची पानं मांडीवर धरून होती, दोन पानं, त्यांत एक ओळ खोडलेली. क्रांती चौकात उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "दे लेकरू, तू बोलायची हायेस." तिनं दिलं नाही.

हॉल लहानसा, तीसपस्तीस माणसं, पुढे एक टेबल आणि झेंडूची फुलं. जहांआरा जांभळ्या साडीत, आज पहिल्यांदाच डोळ्यांना चष्मा नाही. "फोटोसाठी काढलाय गं," तिनं कानात सांगितलं, "कोण कोण आलंय काही दिसत नाही. फार बरं वाटतंय." आणि भिंतीच्या कडेला, बाजूला वळवून ठेवलेल्या खुर्चीवर, पांढऱ्या शेरवानीत इलियासचाचा. पायांशी छत्री.

"क्या गे रत्ना, कां थे इत्ते दिन? दुकान का रस्ता भूल गए तुम लोगां?"

आत्याबाईंनी मागून हात पुढे केले होते. बोळकं पसरून केतकी त्यांच्याकडे झेपावत होती. रत्नमाला एक पाऊल बाजूला सरली आणि तिनं लेकरू चाचांच्या मांडीवर ठेवलं. "चाचा, हिला घेता? माझं बोलणं होईपर्यंत."

चाचांनी केतकीच्या तोंडाकडे पाहिलं. काजळाकडे पाहिलं. मग रत्नमालेकडे. हसू तेवढंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी जागेवरून उठलं. "जा," ते म्हणाले. "बिनधास्त बोल. पोरगी माझ्याकडं."

ती बोलू लागली. काय बोलली ते तिला पुढे आठवणार नव्हतं. पहिली कविता वाचली, 'एकगठ्ठा प्रेम'ला लोक हसले, कुणी वा म्हणालं. ती टिपणाकडे पाहत होती आणि टिपणाच्या वरच्या कडेवरून, भिंतीकडे. चाचांनी चष्मा काढला होता. केतकी त्यांच्या गुडघ्यावर, तोंड त्यांच्याकडे, इकडून तिचा उजवा गाल दिसत होता. चष्मा हळूहळू झुलत होता. मागच्या रांगेत आत्याबाई ताठ बसल्या होत्या, त्या कविता ऐकत नव्हत्या.

"आता मी एकतिसाव्या पानावरची वाचते," रत्नमाला म्हणाली. जहांआरा खुर्चीत पुढे सरकून, काही न दिसणाऱ्या डोळ्यांनी, तिच्याकडे बघून हसत होती.

"समोरच्या गॅलरीत, भर दुपारी एक आई..."

पलीकडून चाचांचा तळहात वर आला. टेकला नाही. केतकीच्या पलीकडच्या, डाव्या डोळ्यासमोर थांबला. चष्मा झुलत राहिला. केतकीची मान चष्म्याबरोबर गेली, आली. तिचा हसण्याचा आवाज हॉलभर झाला, दोघं चौघं वळून पाहून हसले.

"...मुलीचा एक डोळा झाकते, अर्धं जग काढून घेते."

तळहात खाली आला. चाचांनी घाई केली नाही. लेकराला त्यांनी नीट बसवलं, तिचं झबलं सारखं केलं, चष्मा पुन्हा झुलवला, तिचं लक्ष लागेपर्यंत वाट पाहिली. आता. आत्ता डोळे मिटतील माझे... तीन महिने मीच पाहते, मलाच दिसतं, म्हणून सगळ्यांवर चिडले, आणि ज्या क्षणी दुसरं कुणी बघेल त्या क्षणी मला अंधार हवा. नाही. त्या तळहाताच्या मागे काय आहे ते असू दे. हसू असेल, रडू असेल. आता ते एकटीनं बघायचं नाहीये.

"मग दुसरा," तिनं वाचलं.

तळहात वर गेला. केतकीच्या उजव्या गालावर सावली पडली.

हॉल शांत होता. पुढची ओळ तिला पाठ होती, तिच्यासाठी पुस्तकात पाहायची गरज नव्हती, आणि ती पाहतही नव्हती. लोक वाट बघत होते. तिचे डोळे सताड उघडे होते, त्या सावलीच्या कडेवर, जिथून लेकराचा चेहरा सुरू होत होता.